चारशे बारा वेळा

रात्रपाळीला मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालतो,
वायरीपुरती फट ठेवून गाठ मारतो, शर्टाच्या खिशात.
बर्फाच्या कारखान्यात सगळंच ओलं,
अमोनियाच्या वासाला हात लावला तर तोही ओला लागेल.
एक बोंड कानात. दुसरा कान कॉम्प्रेसरसाठी मोकळा,
त्याचा आवाज बदलला तर कळायला हवं.
एकोणतीस वर्षं त्याचाच ठेका ऐकलाय,
तेव्हा उगाच कुणी मला सांगू नये
की या नव्या गाण्यांत नुसता मशीनचा आवाज असतो.
मशीनचा आवाज मला कळतो.

त्या मुलीचं गाणं लागतं
(नाव मला नीट उच्चारता येत नाही,
भाषाही मधूनमधूनच कळते).
आधी ती पुटपुटते,
भाताला आधण ठेवून कुणी स्वतःशी हिशेब करावा तशी,
मग ठोका चढतो, चढतो,
आणि ऐन वेळी सगळं बंद.
देवगडात वीज जाते ना, अगदी तसं:
कॉम्प्रेसर गप्प, क्रशर गप्प,
आणि जेटीवरच्या माणसांना अचानक
स्वतःच्या मोठ्या आवाजाची लाज वाटते.
मी लादी ढकलता ढकलता थांबतो.
एक. दीड.
मग ती येते, सगळं घेऊन येते,
आणि पन्नाशी गाठलेला मी
गमबुटांत, एकटा,
जे करतो ते इथे लिहिणार नाही.

लोकांना वाटतं, पोरीची आठवण येते म्हणून.
सुरुवात तशीच झाली, खोटं कशाला बोलू.
प्रणोती पुण्याला गेली, तिची यादी या फोनात राहिली,
'दहावी सुटली' नावाची, त्रेसष्ट गाणी.
पहिला आठवडा ती मी उशाशी घेऊन झोपलो.
पण आठवण म्हणून माणूस कुठवर ऐकेल?
दुसऱ्या महिन्यात त्रेसष्टातली एकवीस मी काढून टाकली.
बेसूर नव्हती. आळशी होती.

हेमलता म्हणते, वयाला शोभेल असं काही ऐका.
वयाला शोभेल ते गुरुवारी वाजवतोच की,
भजनात झांज माझ्याकडे.
मागच्या गुरुवारी ऐन गजरात हात
अर्ध्या मात्रेनं मागे राहिला, मुद्दाम राहावा तसा.
बुवांनी पेटीवरून मान वर केली.
पखवाजावरचा पोरगा मात्र
खाली बघून गालात हसला.
त्यालाही ते गाणं माहीत होतं.

डिसेंबरात तिचा फोन.
वर्षभराचा हिशेब म्हणे ॲपच काढून देतं.
"बाबा, एकच गाणं चारशे बारा वेळा. हे तुम्ही?"
चोरी पकडल्यासारखं झालं. म्हटलं, असेल.
ती हसली नाही, तेच जास्त लागलं.
"मी हल्ली असलं ऐकत नाही," म्हणाली,
"सतार लावते. ऑफिसात डोकं शांत राहतं."
म्हटलं, बरं आहे. सतारही चांगली.
फोन ठेवल्यावर बराच वेळ वाटत राहिलं,
एका घरातून ती निघून गेली
आणि मागाहून मी तिथे राहायला गेलो,
तिच्या खुंट्यांवर माझे शर्ट.

आज पहाटे चारला गुणाजी तारीचा ट्रॉलर बर्फाला लागला.
लादी उचलताना वायर अडकली, निघाली,
आणि गाणं खिशातून मोठ्यानं बाहेर.
गुणाजी मशेरी लावत होता. बघत राहिला.
"ह्या खयचा रे गाणा?"
"माका म्हायत नाय."
"मगे आयकतंस कित्याक?"
आता याला काय सांगायचं.
बर्फाचा चुरा घसरणीवरून खणात पडत होता,
पलीकडे कुणी डिझेलच्या पैशांवरून भांडत होतं.
"थांब," म्हटलं, "आता बंद पडतला. मगे बघ."

बंद पडलं.
गुणाजीचं बोट दातावरच राहिलं.